पाच जणांत नाट्यपद कुठलं घ्यायचं?

प्रश्न: आम्ही सांगलीतल्या कॉलनीतले पाच जण, तीन बायका दोन पुरुष, वार्षिक कार्यक्रमात नाट्यपद म्हणायचंय. पेटी-तबला आहे, पण शास्त्रीय शिकलेली एकटी मीच. कुठलं घेऊ?

उत्तर: ताई, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी जिथं 'सीतास्वयंवर' हे पहिलं मराठी नाटक मानलं जाणारं नाटक केलं त्या गावात राहून हा प्रश्न, मजा आली वाचून! पहिलं सांगतो, तानांची पदं सोडा, ती एकट्या गवयासाठी असतात आणि बाकीचे चौघं मागं नुसते उभे राहतात, बघायला पण बरं दिसत नाही. सगळ्यात सेफ म्हणजे नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं देवाचं स्तवन, ती मुळातच सगळ्यांनी मिळून म्हणायची, 'शाकुंतल' नाटकाची 'पंचतुंड' तर लोकांना पाठच असते. पण थोडा अभिनय करायचा असेल तर मी 'शारदा' घेईन, १८९९ चं नाटक, ते लिहिणारे देवल आपल्या हरिपूरचेच की, आणि त्यातलं 'म्हातारा इतुका न' हे म्हाताऱ्या नवरदेवाच्या थट्टेचं पद तिघींनी ओळी वाटून घेतलं तर हशा नक्की. दोघं पुरुष काय करणार म्हणाल, तर एकाला पाऊणशे वयाचा नवरदेव करून काठी देऊन बसवा, दुसरा पेटीवर.

आता पट्टीचं, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला 'सा' धरायचा त्याचं बघा, खरा घोळ तिथंच होतो. बायका काळी चारला (पेटीची चौथी काळी पट्टी) आणि पुरुष काळी एकला, मग एकत्र म्हणताना कोणीतरी किंचाळतंच. नांदी घेतलीत तर आधी सगळ्यांचा वरचा सूर तपासा न मग पट्टी धरा. आणि माईक दोन तरी मागून घ्या हां.