नस गालाकडून जाते की जिभेकडून?

प्रश्न : माझं वय ३१. बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी आलीय, दोनदा गाल सुजला. डॉक्टरांनी आधी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढायला लावला. आता सीबीसीटी नावाचा थ्रीडी स्कॅन काढा म्हणतात. एक फोटो असताना दुसरा कशाला? सासूबाई म्हणतात, ‘खर्च वाढवायची कामं!’ आणि स्कॅननंतर बाळाला पाजलं तर चालेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी बाळाचं बोलू. स्कॅन करून घरी आलात की खुशाल पाजा. एक्स-रे दुधात उतरत नाहीत. यंत्र थांबलं की किरणंही संपली. दूध पिळून टाकायची काही गरज नाही. पुन्हा दिवस गेल्याची शंका असेल तर मात्र स्कॅनच्या आधीच सांगा.

आता दुसऱ्या फोटोचं. खालच्या जबड्याच्या हाडात एक बारीक बोगदा असतो. त्यातून जाणारी नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. अक्कलदाढेची मुळं पुष्कळदा तिच्या लगत उतरतात. ओपीजी म्हणजे शेवटी सावली. रात्री दिव्यासमोर दोन बोटं एकामागे एक धरून बघा, मध्ये अंतर असलं तरी भिंतीवर सावली एकात एक मिसळते. तुमच्या ओपीजीत मूळ आणि नस अशीच एकमेकांवर आली असणार. नस गालाकडून जाते की जिभेकडून, मुळाला चिकटलीय की मध्ये हाड आहे, हे त्यात कळत नाही.

सीबीसीटीत यंत्र डोक्याभोवती फिरतं, काही सेकंदांत शेकडो फोटो घेतं आणि कॉम्प्युटर त्यातून जबडा उभा करतो. गुळाची ढेप हवी तिथून कापावी, तसे डॉक्टर पडद्यावर त्याचे मिलिमीटरहून पातळ काप करून बघतात.

मी नवीन होते तेव्हा बँडपथकात क्लॅरिनेट वाजवणारा एक पोरगा आला होता. साध्या फोटोवर भरवसा ठेवून मी त्याची दाढ काढली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “मॅडम, ओठ माझा न्हाईच वाटतोय.” ओठ हलत होता, पण वाद्याची पत्ती ओठाला टेकलीय की नाही हेच त्याला कळेना. दर महिन्याला मी टाचणीच्या टोकानं त्याच्या हनुवटीवर हळूच टोचून बघायची. पाचव्या महिन्यात तो “आई गं” म्हणाला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून मूळ आणि नस एकमेकांवर दिसली, की स्कॅन झाल्याशिवाय मी दाढेला हात लावत नाही.

किरणांची भीती मी समजू शकते. १८९६ साली जर्मनीत ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दाढांचा पहिला एक्स-रे काढला, तेव्हा ते २५ मिनिटं किरणांसमोर होते. आता निसर्गातूनच आपल्याला वर्षाला सरासरी सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट (हे किरणांची मात्रा मोजायचं माप) किरणोत्सर्ग मिळतो. एका दाताच्या डिजिटल फोटोचा हिशेब त्यापुढे मोजक्या मायक्रोसिव्हर्टचा, ओपीजीचा साधारण १० ते २५ चा. सीबीसीटीचा मात्र त्याहून जास्त, आणि जेवढा भाग मोठा तेवढा जास्त. म्हणून ‘फक्त त्या दाढेपुरता छोटा भाग घ्या’ असं आवर्जून सांगा.

सासूबाईंची शंकाही मला पटते. ओपीजीत मूळ आणि नस यांच्यात स्वच्छ अंतर दिसत असेल तर स्कॅन नकोच. बारीक कीड शोधायला तर सीबीसीटी उपयोगाचाच नाही. धातूची कॅप असली की तिच्याभोवती नुसते पट्टे उमटतात. तिथे आरव्हीजीचा, म्हणजे एक-दोन दातांपुरत्या डिजिटल एक्स-रेचा, छोटा फोटो पुरतो. तेव्हा ओपीजी समोर ठेवून डॉक्टरांना विचारा, “मूळ नसेवर कुठे आलंय ते दाखवा.” चांगला डॉक्टर बोट ठेवून दाखवेल.

जाताना साज, नथ, कानातली, केसांच्या पिना घरीच काढून ठेवा. यंत्र फिरताना हलू नका, आवंढाही गिळू नका. येताना छापील कागदावर भागवू नका, स्कॅनची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. दुसऱ्या सर्जनला दाखवायची वेळ आली तर पुन्हा किरणं नकोत. आणि मूळ नसेला अगदी बिलगलेलं निघालं, तर दाढेचा वरचा भाग काढून मुळं तशीच ठेवायचीही पद्धत आहे. ती तुमच्या दाढेला चालेल का, हे तो स्कॅन बघूनच सर्जनना विचारा.