बाबांच्या जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर रोजच्या फोटोंसाठी कोणतं सेटिंग ठेवावं? नुसतं ‘ऑटो’वर ठेवलं तर चालेल का?

ऑटोवर ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की कॅमेरा कपाटात सापडला, सेल घातल्यावर सुरूही झाला, आणि आता घरातले, रस्त्यावरचे, येताजाताचे फोटो काढायचेत. मग डायल ‘पी’वर (म्हणजे प्रोग्रॅम) फिरवा, फ्लॅश बंद करा, आणि मेन्यूत जाऊन दोन गोष्टी आधी बघा: फोटोवर तारीख छापणं बंद आहे ना, आणि फोटोचा आकार सगळ्यात मोठा आहे ना. या दोन गोष्टी मी सगळ्यांत आधी का सांगतेय, त्यासाठी आमच्या घरातला एक दिवस सांगावा लागेल.

२००८मध्ये मी पहिल्या नोकरीच्या पगारातून पैसे बाजूला काढून असाच एक कॅमेरा घेतला होता. सात मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. त्याची माहितीपुस्तिका मी बसमधून जाता-येता दोनदा वाचून काढली होती. कुठलं बटण काय करतं ते मला अंधारात सांगता आलं असतं.

पुढच्या वर्षी मिरजेच्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. एक्याऐंशी दिव्यांनी औक्षण करायचं होतं. माजघरात एकच बल्ब, भिंती जुन्या निळसर रंगाच्या, आणि मधोमध पाटावर आजी. मी सकाळीच कॅमेरा लावून ठेवला होता. दिव्यांचा उजेड फोटोत यावा म्हणून फ्लॅश बंद, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील असावा त्याचा आकडा) ४००, डायल पीवर. ऐनवेळी धाकटे काका आले आणि म्हणाले, “तू ओवाळायला जा, बायकांत थांब. कॅमेरा दे इकडे.” मी म्हटलं, “काका, डायल फिरवू नका हं, मी सगळं लावून ठेवलंय.” त्यांनी माझ्यासमोर डायल फिरवून ऑटोवर नेला. “ऑटो दिलंय ते कशासाठी? बनवणारे काय मूर्ख आहेत? कॅमेऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.” वर मेन्यूत जाऊन तारखेचा छापही चालू केला, का तर पुढे कुणी विचारलं की कार्यक्रम कधीचा, तर फोटोवरच दिसावं.

पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला, पण हे वाक्य मला अजून सहन होत नाही. कॅमेऱ्याला काहीही कळत नाही. समोर जे आहे त्याचा सरासरी उजेड मधल्या करड्या रंगाइतका यावा, एवढंच तो बघतो. चुन्याची पांढरी भिंत दिली तर ती मळकट करतो, काळ्या पाषाणाचा विठोबा दिला तर त्याला राखाडी करतो. आणि उजेड कमी दिसला की ऑटोमध्ये तो फ्लॅश उडवतो, कारण फोटो हलू नये हीच त्याची काळजी. समोर दिवे कशासाठी लावलेत हे त्याला कुठून समजणार?

फ्लॅश पडला की काय होतं तेही बघा. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असतो आणि त्याचा जोर तीन-चार मीटरपर्यंतच पुरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. म्हणजे पुढे बसलेल्या माणसाचा चेहरा पिठासारखा पांढरा आणि मागे उभी असलेली माणसं काळोखात. त्यात फ्लॅशबरोबर शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, एक-साठांश सेकंदाच्या आसपासच उघडं राहतं, तेवढ्यात दिव्यांचा मंद उजेड फोटोत उतरायला वेळच मिळत नाही. काकांनी काढलेल्या दोनशे फोटोंत एक्याऐंशी दिवे म्हणजे नुसते पिवळे ठिपके आहेत. आजीच्या डोळ्यांत लाल टिकल्या. मागे आत्या उभी होती, तिची फक्त नथ चमकतेय.

औक्षण संपलं, मंडळी जेवायला उठली. तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि वीज गेली. आजी तशीच पाटावर बसून होती, तबकातले दिवे अजून जळत होते, आणि ती त्यांच्याकडे बघत होती. कॅमेरा कोनाड्यात ठेवलेला दिसला. मी तो उचलला, डायल पीवर नेला, फ्लॅश बंद केला, झूम पूर्ण मागे घेऊन जमिनीवर बसले, कोपर उंबऱ्यावर टेकवलं. बटण अर्धं दाबून आजीच्या चेहऱ्यावर नेम धरला, श्वास रोखला आणि फोटो घेतला. शटर एक-अष्टमांश सेकंद. एकच फोटो, कारण दुसरा घ्यायच्या आत कुणीतरी गॅसबत्ती घेऊन आलं. पडद्यावर बघितलं तेव्हाच कळलं की आजी त्यात जशीच्या तशी आलीय. खालून येणारा सोनेरी उजेड, सुरकुत्या, सगळं.

रात्री संगणकावर फोटो उतरवले तेव्हा पोटात गोळा आला. माझ्या त्या फोटोच्याही उजव्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत तारीख होती. आणि फोटोचा आकार १६०० बाय १२०० होता. माझ्या कॅमेऱ्यात तारीख फक्त पोस्टकार्ड आकाराच्या फोटोवरच छापता यायची, त्यामुळे ती चालू केली की आकार मुकाट्याने तेवढाच व्हायचा. मी डायल बदलला होता, पण मेन्यूतलं हे सेटिंग डायल बदलून जात नाही. ३०७२ बाय २३०४ म्हणजे सत्तर लाख ठिपक्यांचा फोटो यायचा, तिथे एकोणीस लाख ठिपके आले. उरलेले कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाहीत.

२०१३ साली आजी गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि सगळ्यांनी एकमताने हाच निवडला, काकांनीसुद्धा. मी बारा बाय अठराचा मोठा करायला स्टुडिओत घेऊन गेले. तिथल्या माणसाने स्पष्ट सांगितलं की ताई, एवढ्या फाइलमधून पाच बाय सातच्या वर नीट येणार नाही, मोठा केला तर चेहरा फुटेल. हिशोब सोपा आहे. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे ठिपके धरतात, म्हणजे सोळाशेत जेमतेम सव्वापाच इंच; पाच बाय सात म्हणजेसुद्धा थोडं ताणलेलंच. तारीख पुसायचीही खटपट त्याने केली, पण ती नेमकी आजीच्या डाव्या हातावर आणि लुगड्याच्या काठावर होती, तिथे सगळं चिखलासारखं दिसायला लागलं. शेवटी कोपरा कापावा लागला. आज मिरजेच्या घरात जो फोटो आहे त्यात आजीचा डावा हात आणि त्यातली पाटली नाही.

काकांचं म्हणणं अजूनही तेच आहे, की तारीख नसती तर कधीचा फोटो ते कळलं कसं असतं. त्याचं उत्तर मी त्यांना दर दिवाळीला देते, इथेही देते. कॅमेऱ्यातून थेट उतरवलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, शटर, अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेड आत सोडणारं भोक), आयएसओ हे सगळं आपोआप लिहिलेलं असतं. संगणकावर फाइलची माहिती उघडली की दिसतं. मी वर एक-अष्टमांश सेकंद म्हटलं ते आठवणीतून नाही, फाइलमधून वाचून लिहिलंय. फोटोच्या अंगावर तारीख छापायची कधीही गरज नसते. फक्त कॅमेऱ्यातलं घड्याळ बरोबर हवं. तुमचा कॅमेरा एवढी वर्षं सेलविना पडून होता, म्हणजे त्याचं घड्याळ नक्की पुसलं गेलं असणार. आधी ते लावा.

आता तुमच्या कामाचं. पी कशासाठी, तर शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवतो पण फ्लॅश, आयएसओ, उजेडाची भरपाई (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं अधिक-उण्याचं सेटिंग) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारं सेटिंग) तुमच्या हातात राहतं. ऑटोमध्ये बहुतेक जुने कॅमेरे यातलं फार थोडं बदलू देतात. आयएसओ दिवसा १०० किंवा ८०, घरात ४००. त्याच्या वर जुन्या कॅमेऱ्यात जाऊ नका. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद असतो, मोठ्या, ‘फुल फ्रेम’ म्हणतात त्या कॅमेऱ्याचा छत्तीस. क्षेत्रफळ धरलं तर साधारण तीसपट फरक. एवढ्याशा जागेत उजेड कमी पडला की फोटोत रंगीत कचरा दिसतो, आणि तो झाकायला कॅमेरा चेहऱ्यांचं मेण करून टाकतो.

डिजिटल झूम मेन्यूतून कायमचा बंद करा, तो नुसता फोटो कापून ताणतो. खरा झूमसुद्धा घरात वापरू नका. माझ्या कॅमेऱ्यात झूम मागे असताना अ‍ॅपर्चर २.६ होतं आणि पूर्ण पुढे नेला की ५.५, म्हणजे आत येणारा उजेड जवळजवळ साडेचारपट कमी. चार पावलं पुढे जा. कम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करायचं सेटिंग, ‘फाइन’वर. फोकस मधल्या चौकटीवर ठेवा आणि बटण अर्धं दाबून थांबायची सवय लावा. पांढऱ्या धोतरातले आजोबा किंवा चुन्याची भिंत असेल तर भरपाई अधिक दोन-तृतीयांश, काळी मूर्ती असेल तर उणे एक. व्हाइट बॅलन्स ऑटोवर चालतं, पण समई-निरांजनाचे फोटो असतील तर ‘डेलाइट’वर ठेवा, नाहीतर कॅमेरा तो सोनेरी रंग धुऊन टाकायला बघतो. कॅमेरा कशावर टेकवता आला तर दोन सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्का लागत नाही.

काही गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. भर दुपारी बाराच्या उन्हात टोपी किंवा पदर घेतलेल्या माणसाचा चेहरा काळा येतो, तिथे फ्लॅश मुद्दाम चालू करा, तिथे तो खरंच कामाचा आहे. धावणारी मुलं घरातल्या बल्बच्या उजेडात फ्लॅशशिवाय येणार नाहीत. माझं एक-अष्टमांश जमलं कारण आजी स्थिर बसली होती. आणि चेहरा मोठा हवा असेल तेव्हा झूम मागे ठेवून फार जवळ गेलात तर नाक मोठं दिसतं, तेव्हा थोडा झूम घ्या. ‘एक इंची’ म्हणतात त्या बऱ्याच मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल, २०१२मध्ये आलेल्या सोनी आरएक्स१००सारखा, तर आयएसओ १६००पर्यंत खुशाल जा, माझा ४००चा नियम त्याला लागू नाही. तुमचा त्याहून जुना दिसतोय. तसं असेल तर त्यात ६४ जीबीचं कार्ड घालून बसू नका. अगदी जुने कॅमेरे दोन जीबीपर्यंतचंच कार्ड वाचतात, त्यानंतरचे बत्तीसपर्यंत. सेल मात्र चार्जिंगचेच घ्या, साधे पेन्सिल सेल यात पटकन उतरतात.

काही छोट्या कॅमेऱ्यांवर पी नावाचं काही नसतंच. त्यांच्यात पीऐवजी ‘मॅन्युअल’ असं लिहिलेलं असतं, किंवा डायलवर नुसतं कॅमेऱ्याचं चित्र असतं. बहुतेक वेळा ते तेच काम करतं. तेही सापडलं नाही तर कॅमेऱ्याच्या तळाशी मॉडेलचा नंबर असतो, तो कळवा, मी बघून सांगते. पण तोवर तारीख छापणं बंद करून ठेवा, आजच.