झिओलाइट उत्प्रेरक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सक्रिय कार्बनचे पृष्ठफळ ग्रॅममागे १००० चौरस मीटरच्या पुढे जाते, झेडएसएम-५ या कृत्रिम झिओलाइटचे ४००च्या आसपास असते. तरीही झिओलाइटला पसंती का?

उत्तर : झिओलाइटचे, म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजनच्या सच्छिद्र स्फटिकजाळीचे, मोल पृष्ठफळात नसून छिद्रांच्या नेमकेपणात आहे. झेडएसएम-५ स्फटिकरूप असल्यामुळे त्याच्या सगळ्या वाहिन्या सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंदीच्याच असतात. टोल्युइनपासून झायलीन बनताना तिन्ही समघटक (एकाच सूत्राची ऑर्थो, मेटा आणि पॅरा ही रूपे) आत तयार होतात. पैकी सडपातळ पॅरा-झायलीन चटकन बाहेर पडते, तर ऑर्थो आणि मेटा आतच रेंगाळतात आणि त्यांतले बरेच रेणू अखेरीस पॅरा रूप घेऊन सुटतात. समतोलात पॅराचा वाटा जेमतेम पाव असतो. स्फटिकाचा बाह्य पृष्ठभाग निष्क्रिय केला, तर तो ९० टक्क्यांपुढे नेता येतो.

प्रश्न : एक्स-रे विवर्तनात (स्फटिकरचना ओळखण्याच्या चाचणीत) झेडएसएम-५ अगदी बरोबर आला, पण आम्ल-उत्प्रेरित अभिक्रिया पुढे सरकतच नाही. चूक कुठे असेल?

उत्तर : संश्लेषणानंतरच्या पायऱ्या तपासाव्यात. ऑटोक्लेव्हमधून (दाबाखाली तापवण्याच्या बंद भांड्यातून) निघालेल्या स्फटिकांच्या छिद्रांत साचा म्हणून घातलेले टेट्राप्रोपिल अमोनियम हे सेंद्रिय संयुग अडकलेले असते. त्याच्याभोवतीच जाळी उभी राहिलेली असते. ते हवेत ५५० अंश सेल्सिअसला जाळून काढावे लागते. बशीत पावडरीचा ढीग न करता पातळ थर पसरावा आणि तापमान मिनिटाला एखाद्या अंशाने चढवावे. थंड झालेली पावडर चमच्याने उकरून पाहावी. आत करडी छटा दिसली तर कार्बन उरला आहे.

पांढरीशुभ्र पावडर मिळाली तरी काम संपत नाही. जाळीतला प्रत्येक ॲल्युमिनियम अणू एक ऋण प्रभार आणतो आणि सोडियम वापरून केलेल्या संश्लेषणात तो बहुधा सोडियम आयनाने तोललेला असतो. या रूपात हवी ती आम्लता नसते. म्हणून अमोनियम नायट्रेटच्या १ मोलर द्रावणात ८० अंशांना दोन-तीन वेळा आयन-विनिमय करावा, धुऊन वाळवावे आणि पुन्हा ५०० अंशांच्या आसपास तापवावे. अमोनिया निघून जातो, प्रोटॉन मागे राहतो आणि तोच अभिक्रिया घडवतो. शोधनिबंधांत ही पायरी एका ओळीत उरकलेली असते, हे मला नेहमी खटकते.

प्रश्न : नैसर्गिक झिओलाइट चालेल का?

उत्तर : पाण्यातील अमोनियम काढण्यासाठी जरूर वापरावा. नेमक्या उत्प्रेरणासाठी मात्र नको, कारण त्यातील लोह व इतर खनिजांचे प्रमाण खाणीगणिक बदलते.

प्रश्न : काही तासांतच गोळ्या काळ्या पडल्या आणि रूपांतरण घसरले. उत्प्रेरक टाकून द्यावा का?

उत्तर : मुळीच नाही. हा कोक, म्हणजे साचलेला कार्बनी थर आहे आणि तो जाळता येतो. फक्त सुरुवातीला ऑक्सिजन अगदी कमी ठेवावा. एकदम भरपूर हवा सोडल्यास उष्णता अनावर होते आणि जळताना निघणारी वाफ जाळीतून ॲल्युमिनियम बाहेर काढते. ते नुकसान सहसा भरून निघत नाही.

कोक वारंवार लवकर साचत असेल, तर रेणूंना आतली वाट फार लांब पडते आहे, असा संशय घ्यावा. ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ६५ अंशांना अर्धा तास ढवळल्यास थोडे सिलिकॉन विरघळून मोठी छिद्रे तयार होतात. सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर २५ ते ५० असताना हे उत्तम साधते; त्याखाली ॲल्युमिनियम सिलिकॉनला विरघळू देत नाही, त्यावर स्फटिक अतोनात झिजतो. या प्रक्रियेत सोडियम पुन्हा आत शिरते, त्यामुळे वर सांगितलेला अमोनियम विनिमय नव्याने करावाच लागतो.