नुसत्या ऑनलाइन ओळखीचा खऱ्या अडचणीत उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय, की ज्यांना कधी भेटलोच नाही अशी ऑनलाइन ओळखीची माणसं वेळेला उभी राहतात का, आणि अशी मदत जमवायची कशी. राहतात. मी पाहिलंय.

आमचा बाल्कनीतल्या झाडांचा ग्रुप आहे. मावा कशाने जातो, मोगरा का रुसलाय, असले विषय. त्यात लातूरच्या एक ताई आहेत. त्यांनी मला एकदा पाकिटातून गावरान वांग्याचं बी पाठवलं होतं, तेवढीच ओळख. एका मे महिन्यात त्यांनी लिहिलं, "आम्ही मुंबईत अडकलोय, कुंड्या जळून जाणार." खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी त्यांना वेगळा मेसेज करून विचारलं, "ताई, मुंबईत कशासाठी?" तेव्हा कळलं. यजमानांना रक्ताचा कर्करोग, परळला दाखल. त्या दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत. परवापर्यंत प्लेटलेट्ससाठी दोन दाते आणायला सांगितलेले, आणि मुंबईत ओळखीचं कुणी नाही.

"काही लागलं तर सांगा" असं आपण सगळेच म्हणतो. पण अडचणीतल्या माणसाला काय मागावं हेच सुचत नसतं. म्हणून मी आधी रक्तपेढीत फोन करून खात्री केली आणि मग ग्रुपवर लिहिलं: बुधवारी सकाळी नऊला परळला दोन जण हवेत, रक्तगट हा, वजन ५० किलोच्या वर, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, अर्धा दिवस मोडेल. तासाभरात चौघांनी होकार कळवला. आजाराचे कागद मात्र मी कुणालाच पाठवले नाहीत. ते त्यांच्या घरातलं.

मीही गेले होते. माझं हिमोग्लोबिन ११.८ निघालं, लागतं १२.५. परत पाठवलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मग ताईंजवळच बसून राहिले, घरून नेलेली पोळी-भाजी त्यांना खायला लावली. त्यांनी सकाळपासून नुसता चहा घेतलेला.

आत डोंबिवलीचे एक काका पडून होते. त्यांच्या हातातून रक्त यंत्रात जात होतं, प्लेटलेट्स वेगळ्या होऊन बाकीचं परत अंगात येत होतं. ओठांना मुंग्या आल्या म्हणाले, तर सिस्टरने कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. ताई दाराच्या काचेतून पिशवीकडे बघत होत्या. आतलं लाल नव्हतं, फिकट पिवळं होतं, ताकाच्या निवळीसारखं. "एवढंसंच?" त्या म्हणाल्या. एवढंसंच, पण ते जेमतेम पाच दिवस टिकतं. साठवून ठेवता येत नाही, म्हणून दर वेळी कुणीतरी जिवंत माणूस तिथे जाऊन पडावंच लागतं. काका पुढे आणखी दोनदा गेले.

एक कळकळीची विनंती. रक्ताचा मेसेज पुढे पाठवताना त्यावर तारीख घाला, आणि गरज भागली की तसं कळवा. नाहीतर तो महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि त्या घरात फोन वाजत राहतो. कधी कधी माणूस गेल्यावरही. फार वाईट असतं ते.

आणि ताईंनी मागितलं होतं ते कुंड्यांचं पाणी! लातूरचंच कुणी आहे का, असं मी ग्रुपवर विचारलं, तर त्यांच्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहणारे एक सर निघाले. दोघांनाही पत्ता नव्हता. लातूर म्हणजे २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं गाव, तिथे मे महिन्यात दुसऱ्याच्या झाडांना पाणी घालणं सोपं नाही. ताईंच्या अंगणातला नळ बंद होता, म्हणून सर स्कूटरवर दोन कॅन घेऊन जायचे.

यजमानांना घेऊन ताई ऑगस्टमध्ये घरी पोचल्या. त्या संध्याकाळी त्यांनी मला एक फोटो पाठवला. कुंड्यांमागच्या भिंतीवर खडूने ओळीने तारखा लिहिल्या होत्या, एक दिवसाआड. शेवटची त्याच दिवशीची होती.