ख्रिस्ती धर्मात तारण (पापातून सुटका) होण्यासाठी नेमका कशावर विश्वास ठेवावा लागतो?

सर्वांत थेट उत्तर बायबलमधल्या रोमकरांस पत्र १०:९ मध्ये आहे: येशू प्रभू आहे असं तोंडाने कबूल करायचं आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं यावर मनापासून विश्वास ठेवायचा. तो आपल्या पापांसाठी मेला, हे त्यात आलंच. नुसतं 'देव आहे' म्हणून भागत नाही. तेवढं भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोबाने बायबलमधल्या आपल्या पत्रात सुनावलंय (२:१९).

कोल्हापुरात १८५२ साली वाइल्डर मिशनरी म्हणून आले; त्यांचं मिशन पुढे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. त्या परंपरेत तारण कृपेने, विश्वासाद्वारे. सत्कर्मं मागून येतात. नवस फेडल्यासारखा हिशेब नाही. कॅथलिक मात्र बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी दीक्षा) आवश्यक धरतात, आणि प्रेमाची कृती नसलेला विश्वास त्यांना अपुरा वाटतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या ज्या पश्चात्तापी चोराला येशूने स्वर्गाचं वचन दिलं, त्याला बाप्तिस्म्याची सवड कुठे मिळाली होती, हा वाद अजून चालूच आहे.