कोकणातल्या आमच्या सामायिक डोंगरावर कोणती झाडं लावली तर वन्यप्राण्यांचा भ्रमणमार्ग पुन्हा जोडला जाईल?

दोडामार्ग तालुक्यात दहा-बारा एकर डोंगर, सातबाऱ्यावर भाऊबंदांची नावं, निम्मे मुंबईला, आणि तुम्हाला पावसाळ्यात रोपं लावायची आहेत. मी शेजारच्या सावंतवाडी तालुक्यातला, आमचीही जमीन अशीच सामायिक आहे. म्हणून स्पष्टच सांगतो: रोपं नंतर. आधी जे उभं आहे ते विकलं जाणार नाही एवढं बघा.

दक्षिणेला गोव्याची म्हादई आणि कर्नाटकातलं भीमगड, उत्तरेला राधानगरी आणि पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाला एकीकडून दुसरीकडे जायचं तर आपल्या डोंगरांतूनच. तिलारी, आंबोली-दोडामार्ग, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं याच साखळीत जाहीर झाली. तिलारीचं क्षेत्र 29.53 चौरस किलोमीटर. पण त्या हद्दीबाहेर आलात की बरंचसं रान मालकीचं. पेंच व्याघ्र प्रकल्पात राष्ट्रीय महामार्ग 44 खालून प्राण्यांसाठी वाटा काढल्या, सर्वांत लांब 750 मीटरची, आणि 2019 मध्ये कॅमेऱ्यांत 18 प्रजातींचे प्राणी तिथून जाताना दिसले. ते काम सरकारच्या पैशाने होतं. आपल्याकडची अडचण सातबाऱ्यावर आहे.

कसं होतं ते तुम्हाला ठाऊकच असेल. डोंगरातून उत्पन्न नाही, कुणाला तरी लग्नाला किंवा घर शाकारायला पैसे हवे असतात, ठेकेदार येतो, उभं रान उक्तं घेतो. जमीनच विकली तर मग रबर किंवा अननस. उच्च न्यायालयाने 2013 साली या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी केली, मार्च 2024 मध्ये 25 गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचा आदेश दिला. तरी करवत थांबलेली नाही. कोर्टाचा कागद हिस्सेदाराची पैशाची गरज भागवत नाही, हे माझं मत.

म्हणून संगमेश्वर भागातलं काम मला जास्त पटतं. पुण्याची ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ तिथल्या मालकांशी करार करते: रान तोडायचं नाही, त्याबदल्यात मोबदला. शिवाय बेहड्याची फळं प्रमाणित औषधी माल म्हणून विकली जातात. जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेश घरटं करतो, म्हणजे पक्ष्याचं घर राखल्याचे मालकाला पैसे मिळतात. तुमच्या डोंगरावर बेहडे, हिरडे, रातांबे किती आहेत ते आधी मोजा. हिस्सेदारांशी बोलताना तोच आकडा कामाला येईल.

जमिनीवर करायचं काम थोडं आहे. फेब्रुवारीआधी हद्दीवर जाळरेषा (सुकं गवत-पाला काढलेला पट्टा) काढा, कारण भाजावळीची, म्हणजे शेत भाजण्याची, आग वाऱ्याने रानात शिरते आणि सगळी कोवळी रोपं खाऊन टाकते. तोडलेल्या किंजळ-ऐनाच्या बुंध्यांना फुटवे येतात, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवा, बाकीचे काढा. मुळं जुनी असतात, त्यामुळे नर्सरीच्या रोपापेक्षा हे लवकर वर येतात. व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही काठांचं रान मात्र अजिबात छाटू नका. गवे, भेकरं, रानकुत्रे दाट सावलीतून पाण्याकडे येतात. शिकारीसाठी लावलेल्या फासक्या दिसल्या तर काढा आणि वनरक्षकाला कळवा. काजूला कुंपण घालणार असाल तर फक्त काजूपुरतं घाला, सबंध गट तारेने बांधू नका. गव्यांनी शेतीचं नुकसान केलं तर पंचनामा करून भरपाई मागा. उशीर होतो, पण मागायची.

एवढं करूनही मोकळी जागा उरली तर वड, उंबर, नांद्रुक, जांभूळ लावा. आकेशिया फुकट मिळाली तरी नको.

आणि हिस्सेदारांची बैठक गणपतीत घ्या. दीड दिवसाचा असला तरी सगळे असतात. तोड न करण्याचं पाच वर्षांचं लेखी ठरवून सह्या घ्या, मुंबईकरांच्या सह्या सगळ्यांत आधी घ्या. ते विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाडीत बसतात.