घाटातला बेसाल्ट ओळखताना

बेसाल्ट म्हणजे लाव्हा निवून झालेला काळा दगड. त्याच्या वरच्या तपकिरी सालीवर जाऊ नका, ती ऊनपावसाने कुजलेली असते. डोळ्यांवर चष्मा लावून सुटा पडलेला तुकडा हातोडीने फोडा आणि ताजी काळी बाजू 10 पट भिंगाखाली उन्हात फिरवा. बारीक काड्या लकाकतील, ते फेल्डस्पार नावाचं खनिज. लाव्हा भरभर निवला म्हणून कण एवढे लहान.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत. थराच्या माथ्याला वायूच्या बुडबुड्यांची भोकं, मध्ये घट्ट दगड. भोकातलं पांढरं खनिज दिसलं की नवखे लगेच झिओलाइट म्हणतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: जोरात फसफसलं तर कॅल्साइट. आणि थरांमधला विटेसारखा लाल पट्टा ताजा लाव्हा नव्हे, दोन उद्रेकांमधल्या काळात झिजून माती झालेला भाग असतो बहुतेकदा.